इशीचा शिष्य

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लहानपणी मे महिन्याच्या सुटीत आम्ही पोरे धनुष्यबाण करत असू. बांबूची कामटी, तिला ताणून बांधलेली सुतळी आणि खराट्याच्या काड्यांचे बाण. हे बाण फार तर आठ-दहा पावले जायचे. एकदा त्यातला एक शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन रुतला आणि आजोबांनी आमचे सगळे शस्त्रागार चुलीत घातले. माझी धनुर्विद्या तिथेच संपली. पुढचे आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेले. शिकार मी कधी केली नाही, तशी इच्छाही कधी झाली नाही. आणि आता तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांमुळे आपल्याकडे हरणावर नेम धरणे हा सरळ गुन्हाच आहे.

तरीही आज मी धनुष्यबाणाने हरणाची शिकार शिकू पाहणाऱ्या एका नवशिक्याची गोष्ट सांगणार आहे. काही वर्षांपूर्वी रद्दीच्या दुकानात मला एक जुने इंग्रजी पुस्तक मिळाले : 'हंटिंग विथ द बो अँड ॲरो'. पहिली आवृत्ती १९२३ ची. लेखक डॉ. सॅक्स्टन पोप, सॅन फ्रान्सिस्कोतला शल्यविशारद. धनुष्य कसे करावे, बाण कसे करावेत, नेम कसा धरावा, हरणाच्या मागावर कसे जावे, असे नवशिक्यांसाठी सगळे काही त्यात आहे. अमेरिकेत आज लाखो लोक धनुष्याने हरणाची शिकार करतात, त्यांच्या परंपरेत या पुस्तकाला पोथीचा मान आहे. पण पुस्तक उघडले की पहिल्याच प्रकरणात ना धनुष्याचे माप, ना नेमाचे नियम. तिथे आहे एका माणसाची हकिकत. तो या डॉक्टरचा गुरू. त्याचे नाव इशी.

पुढे जाण्यापूर्वी एक सांगून टाकतो. डॉक्टरला अहो-जाहो आणि त्याच्या आदिवासी गुरूला अरे-तुरे, हे मला बरे वाटत नाही. म्हणून या गोष्टीत मी सगळ्यांनाच एकेरी संबोधणार आहे.

२९ ऑगस्ट १९११ ची गोष्ट. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल या गावाबाहेरच्या खाटीकखान्यापाशी कुत्री भुंकू लागली म्हणून कामगार बाहेर आले, तर कुंपणाला टेकून एक माणूस बसलेला. उपासमारीने खंगलेला, अंगावर कॅनव्हासचे एक फाटके, डोक्यावरचे केस सुतकामुळे जाळून आखूड केलेले. त्याची भाषा कोणालाच कळेना. शेरीफला दुसरी जागा सुचली नाही, म्हणून त्याने त्याला तुरुंगाच्या कोठडीत ठेवले. बातमी वर्तमानपत्रांत आली आणि कॅलिफोर्निया विद्यापीठातला मानववंशशास्त्रज्ञ वॉटरमन 'याना' भाषेतल्या शब्दांची यादी घेऊन गाडीत बसला. कोठडीत तो एकेक शब्द वाचत होता, समोरच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हते. शेवटी 'सिविनी' हा शब्द आला. सिविनी म्हणजे पिवळा पाइन वृक्ष. वॉटरमनने तो उच्चारत खाटेच्या लाकडी चौकटीवर बोट ठेवले आणि तो माणूस उजळून गेला. दोघेही मग खाट ठोकत 'सिविनी, सिविनी' म्हणत राहिले.

हा माणूस याही जमातीचा होता. याही हे याना लोकांची एक शाखा. लासेन पर्वताच्या पायथ्याशी, मिल क्रीक आणि डिअर क्रीक या ओढ्यांच्या खोल दऱ्यांत ते राहत. डिअर क्रीक म्हणजे हरणांचा ओढा. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले, पुढच्या वर्षी सोन्यामागे धावणाऱ्यांचे लोंढे आले आणि या लोकांच्या नशिबी कत्तल आली. १८६० च्या दशकात आणि १८७० च्या सुमाराला गोऱ्या वसाहतवाल्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी याहींना हुडकून मारले. त्यात बायकापोरेही सुटली नाहीत. उरलेले मूठभर लोक दऱ्यांत लपले आणि सुमारे चाळीस वर्षे लपूनच राहिले. बंदुकीचा आवाज झाला असता तर ठाव लागला असता, आणि बंदूक होती तरी कोणाकडे? धनुष्याला आवाज नसतो. त्यांचा जीव त्या मुक्या हत्यारावर टिकला.

१९०८ मध्ये वीज कंपनीची मोजणी करणारी माणसे त्यांच्या वस्तीवर येऊन धडकली. तिथे पांघरुणात गुंडाळलेली एक आजारी म्हातारी होती, बाकीचे पळाले. या पाहुण्यांनी काय करावे? तिथली धनुष्ये, बाण, पांघरुणे, भांडी, हाताला लागेल ते आठवण म्हणून उचलून नेले. म्हातारी इशीची आई होती. त्यानंतर लवकरच इशी एकटा उरला, आणि तीन वर्षांनी ओरोव्हिलला आला.

सप्टेंबर १९११ मध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोला विद्यापीठाच्या संग्रहालयात आणले. तिथला प्रमुख आल्फ्रेड क्रोबर. याही माणूस स्वतःचे नाव स्वतः सांगत नाही आणि त्याचे नाव घेणारे तर कोणी उरलेच नव्हते. म्हणून क्रोबरने त्याला 'इशी' म्हटले. याना भाषेत त्याचा अर्थ 'माणूस' एवढाच. संग्रहालयातच त्याला खोली दिली आणि महिना २५ डॉलरवर साफसफाईचे काम. सुटीच्या दिवशी लोक त्याला पाहायला येत. तो बाणांची टोके घडवून दाखवी. सरकारी माणसाने आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या भागात जाण्याबद्दल विचारले, तेव्हा याच घरात म्हातारा होईन आणि इथेच मरेन, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले होते.

या संग्रहालयाला लागूनच वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय होते. १९१२ मध्ये तिथे सॅक्स्टन पोप शिकवायला आला. वय ३७. इशीची प्रकृती पाहण्याचे काम त्याच्याकडे आले. इशी त्याला 'कुवी' म्हणू लागला, म्हणजे वैदू. वैद्याने रोग्याला तपासता तपासता त्याच्या हातातली कला पाहिली आणि तो त्याचा चेलाच झाला.

शिक्षण नेमापासून सुरू झाले नाही. आधी धनुष्य करायचे. इशीचे धनुष्य पहाडी जुनिपरच्या लाकडाचे, जेमतेम साडेतीन फुटांचे. त्याच्या पाठीवर हरणाच्या पायातली तांत चावून चावून मऊ करायची आणि साल्मन माशाच्या कातडीपासून केलेल्या सरसाने थरावर थर चिकटवायची. ती वाळली की लाकूड मोडत नाही, उलट झेप वाढते. हेझेलच्या काठ्या शेकत शेकत सरळ करायच्या, त्यांना पिसे बांधायची. बाणाचे टोक ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेचे. हरणाच्या शिंगाच्या टोकाने कडेवर दाब देत एकेक कपची उडवायची. शहरात आल्यावर इशीला बाटल्यांची काचही आवडू लागली. बिअरच्या तपकिरी बाटलीची त्याने केलेली टोके दागिन्यासारखी दिसत. काम करताना कपची डोळ्यात गेली तर इशीचा उपाय ठरलेला : खालची पापणी बोटाने ओढून धरायची, वाकायचे आणि टाळूवर दुसऱ्या हाताने जोरदार थापट मारायची. शल्यविशारद पोपने हे मोठ्या आदराने नोंदवून ठेवले आहे. स्वतः केले की नाही, कोण जाणे.

धनुष्याशी वागण्याचेही नियम होते. काम नसताना धनुष्य उभे ठेवायचे नाही, चढवलेल्या दोरीने तर नाहीच. तसे ठेवले तर ते काम करत राहते आणि त्याला घाम फुटतो. मुलाने ओलांडले तर ते सरळ नेम देत नाही. बाईने शिवायचे नाही. यातले शेवटचे आज कोणालाच पटणार नाही. पहिल्यात मात्र लाकडाची चांगली जाण आहे, कारण ताणून ठेवलेले लाकूड खरोखरच थकते.

आणि मग सोडण्याची रीत. इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. पोप इंग्रजी पद्धतीने तीन बोटांनी दोरी ओढायचा. इशी ओढायचा अंगठ्याने. वाकवलेला अंगठा दोरीत अडकवायचा, मधल्या बोटाचे टोक त्याच्या नखावर टेकवून आधार द्यायचा आणि तर्जनीने बाण सांभाळायचा. आपल्या मनात अंगठा आणि धनुष्य हे शब्द एकत्र आले की दुसरे कोण उभे राहणार? महाभारताच्या आदिपर्वातला निषादांचा पोर, एकलव्य. तिथे रानातला शिष्य आणि राजधानीतला गुरू. इथे गुरू रानातला आणि शिष्य शहरातला. भूमिका नेमक्या उलट्या झालेल्या. तेव्हा इथे गुरुदक्षिणा कोणी कोणाला दिली, हा प्रश्न मला त्या पानापासून सतावू लागला.

गोल्डन गेट बागेत दोघे सराव करत. लांबच्या गोल निशाणावर पोप लवकरच गुरूच्या पुढे गेला. त्याच्याजवळ लांब इंग्रजी धनुष्य होते आणि त्याचा बाण दूर जायचा. इशीला मात्र रंगीत वर्तुळांत काही रस नव्हता. त्याचे धनुष्य साधारण ४० पौंडांच्या ताणाचे. तो गुडघ्यावर बसून, धनुष्य आडवे धरून, वीस-तीस पावलांवरच्या जिवंत सावजावर बाण सोडायला शिकला होता. तिथे तो क्वचितच चुके. नवशिक्याला हा फरक कळायला वेळ लागतो. बंदुकीची गोळी धक्क्याने पाडते. बाण पाडत नाही. बाण कापतो, आणि हरीण रक्तस्रावाने मरते. फुप्फुसात किंवा हृदयात लागला तर काही क्षणांत, नाहीतर ते जखमी होऊन मैलोन्‌मैल जाते आणि झुडपात हाल होऊन मरते. म्हणून सगळी विद्या लांबून मारण्याची नाही, जवळ जाण्याची आहे. आजही तिकडे नवशिक्याला हेच सांगतात : अंतर कमी ठेव, खात्री नसेल तर सोडू नकोस, आणि लागला तरी लगेच मागे धावू नकोस.

जवळ कसे जायचे? इशीची तयारी आदल्या दिवशीपासून सुरू होई. मासे खायचे नाहीत, तंबाखू ओढायची नाही. पहाटे उठून ओढ्यात आंघोळ, तोंड स्वच्छ, अंगाला सुवासिक पाला चोळायचा आणि उपाशीपोटी निघायचे. माणसाचा वास हरणापर्यंत पोचू द्यायचा नाही. वारा नेहमी हरणाकडून आपल्याकडे हवा. कपडे जवळजवळ नाहीतच, कारण कापड काट्यांवर घासले की आवाज होतो. बोटे ओठांवर ठेवून तो चुंबनासारखा बारीक आवाज काढी, ससा संकटात सापडल्यासारखा. ते ऐकून दुसरे ससे आणि कधी रानमांजरही जवळ येई. उन्हाळ्यात पान दुमडून ओठांत धरून पाडसाचा आवाज काढी, मग हरणी शोधत येई. आणखी एक युक्ती होती. पेंढा भरलेले हरणाचे मुंडके स्वतःच्या डोक्यावर चढवून झुडपाआड बसायचे आणि ते मधूनच वर करायचे. कुतूहल हा हरणाचा मोठा दोष आहे. ते चार पावले पुढे येतेच.

हे सगळे पोपने पाहिले, लिहून घेतले, करून पाहिले. मे १९१४ मध्ये क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोपचा लहान मुलगा इशीला घेऊन डिअर क्रीकच्या दरीत गेले. इशीला जायचे नव्हते. ती त्याच्या मेलेल्या माणसांची जागा होती. गेल्यावर मात्र त्याने सगळे दाखवले : लपण्याच्या जागा, पाणवठे, नावे, वाटा. पोहायला, दोर धरून कडा उतरायला, सावजाला हाक घालायला शिकवले. त्या सहलीची छायाचित्रे आहेत. त्यात कमरेला एवढेसे फडके गुंडाळलेला इशी धनुष्य ताणून बसला आहे.

आणि या सगळ्या शिक्षणाचे फळ? पोपने प्रामाणिकपणे कबूल केले आहे. इशीबरोबर तो कितीतरी वेळा हरणाच्या शिकारीला गेला, बाणही सोडले गेले, पण एकही हरीण पडले नाही. सगळे चुकले. कधी अंतर जास्त, कधी उतार, कधी मध्ये झाड. कारण सांगताना पोप बाणाला दोष देत नाही. बरोबर एक नवशिक्या होता, त्याची गुरूला अडचण झाली, आणि त्या गोऱ्या माणसाला नेहमी परतण्याची घाई होती, असे तो म्हणतो. याही माणूस एका झुडपाआड दिवस काढू शकत होता. डॉक्टरला सोमवारी शस्त्रक्रिया असायची.

पोपच्या घाईपेक्षाही मोठी घाई इशीच्या फुप्फुसांना झाली होती. दऱ्यांत ज्या रोगांशी त्याची गाठ पडली नव्हती ते शहरात आल्यावर एकामागून एक आले, आणि शेवटी क्षय. २५ मार्च १९१६ रोजी तो गेला. उपचार करणारा वैद्य त्याचा शिष्यच होता. याही माणसाला मृतदेह कापणे म्हणजे विटंबना. इशीला शवविच्छेदनाची शिसारी होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. क्रोबर तेव्हा पूर्वेकडे होता. त्याने पत्र लिहून ठणकावले की विच्छेदन होता कामा नये. तरी रुग्णालयात ते झाले आणि मेंदू काढून वेगळा ठेवला गेला. दहनाच्या वेळी त्याच्याबरोबर त्याचे धनुष्य, पाच बाण, ओकच्या फळांचे पीठ, तंबाखू आणि शिंपल्यांचे मणी ठेवले. मैत्री खरी होती, यात मला शंका नाही. आणि मेंदू काढला, यातही नाही. विरोध करणाऱ्या क्रोबरनेच पुढे १९१७ मध्ये तो मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवून दिला. माणसाच्या वागण्यातली ही गाठ मला इतकी वर्षे इतिहास शिकवूनही सोडवता आलेली नाही.

पोपने धनुष्याने पहिले हरीण मारले ते यानंतर. गुरू गेल्यावर. आपण हे त्याच्या शिकवणीमुळे करू शकलो, असे त्याने स्वतः लिहिले आहे.

पुढची हकिकत वेगाने सांगता येईल. १९१८ मध्ये पोपने याहींच्या धनुर्विद्येवर विद्यापीठासाठी शास्त्रीय निबंध लिहिला. संग्रहालयातली जगभरची धनुष्ये ताणून, बाण सोडून, त्यांचा पल्ला मोजला. हरणाचे कातडे ताणलेल्या खोक्यात जनावराचे यकृत भरून त्यावर पोलादी आणि काचेची टोके मारून पाहिली, तर इशीच्या काळ्या काचेचे टोक पोलादापेक्षा खोल गेले. तरी स्वतःच्या शिकारीसाठी त्याने निवडले ते यू लाकडाचे लांब इंग्रजी धनुष्य आणि पोलादी पाती. आर्थर यंग या मित्राबरोबर १९२० मध्ये यलोस्टोनमध्ये एका विज्ञान संस्थेच्या संग्रहासाठी त्याने ग्रिझली अस्वले मारली, १९२५ मध्ये दोघे आफ्रिकेत सिंहांवर बाण सोडायला गेले. हा भाग वाचताना मी भराभर पाने उलटली. हरणाजवळ जाण्यासाठी उपाशी राहणारा इशी या पानांत दिसत नाही. १९२६ मध्ये पोप न्यूमोनियाने वारला. वय अवघे पन्नास-एक्कावन्न.

इशी हा अमेरिकेतल्या गोऱ्यांचा धनुर्विद्येतला पहिला गुरू, असे मात्र मी म्हणणार नाही. यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेले मॉरिस आणि विल थॉम्पसन हे भाऊ पराभवानंतर फ्लोरिडाच्या रानात धनुष्याने शिकार करत हिंडले होते, आणि मॉरिसच्या १८७८ च्या पुस्तकाने देशभर धनुष्याची हौस पसरली होती. पण ती हौस ओसरली. पोपच्या पुस्तकानंतरची टिकली. आर्थर यंगचा चित्रपट पाहून फ्रेड बेअर नावाचा डेट्रॉइटचा तरुण या नादाला लागला आणि पुढे त्याने धनुष्यांचा कारखानाच काढला. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने हरणांसाठी केवळ धनुष्याचा असा वेगळा मोसम सुरू केला, आधी दोनच तालुक्यांएवढ्या भागात. १९६९ मध्ये चाके आणि तारांच्या धनुष्याचे पेटंट मंजूर झाले. त्यात पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार हलका होतो, त्यामुळे नवशिक्याचे काम सोपे झाले. १९७२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे शिकारीवर कायदा आला त्याच वर्षी, तिकडे धनुष्यबाणांच्या विक्रीवर कर बसवून तो पैसा वन्यजीवांसाठी लावण्याचा कायदा झाला.

आता गुरुदक्षिणा. पोपचे पुस्तक पहिल्या प्रकरणात इशीविषयी प्रेमाने बोलते, ते प्रेम खोटे वाटत नाही. पण अर्पणपत्रिका उघडली तर ती आहे रॉबिन हूडला. १९६१ मध्ये धनुष्याने केलेल्या शिकारींची नोंद ठेवणारी एक मोठी संस्था अमेरिकेत स्थापन झाली. तिचे नाव पोप अँड यंग क्लब. त्याच वर्षी क्रोबरची पत्नी थिओडोरा हिचे 'इशी इन टू वर्ल्ड्स' प्रसिद्ध झाले आणि सर्वसामान्य अमेरिकी वाचकाला इशी माहीत झाला. म्हणजे एकाच वर्षी शिष्याच्या नावाने संस्था निघाली आणि गुरूचे चरित्र आले. दोन्हींचे वाचक एकमेकांना कितपत भेटले असतील, असा विचार मनात येतो. द्रोणाने अंगठा मागितला तो समोर बसून, नाव घेऊन. इथे कोणी काही मागितले नाही.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या आदिवासींनी मात्र मागितले. इशीचे अवशेष एकत्र करून त्याच्या भूमीत पुरावेत, अशी खटपट त्यांनी १९९० च्या दशकात सुरू केली. मेंदूचे काय झाले, हे तोवर बहुतेकांच्या विस्मरणात गेले होते. १९९९ मध्ये शोध घेणाऱ्यांना तो स्मिथसोनियनच्या एका साठवणगृहात सापडला. ऑगस्ट २००० मध्ये तो रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या याना वंशाशी नाते सांगणाऱ्या लोकांच्या हवाली करण्यात आला. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या स्मशानभूमीत एका मातीच्या भांड्यात ८४ वर्षे ठेवलेली राखही त्यांनी आणली आणि दोन्ही मिळून आपल्या रीतीने पुरले. जागा कुठली, हे त्यांनी जाहीर केलेले नाही.